घरी किट कार बांधताना: क्रम, मोजमाप आणि दुसरी नजर

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायची गाडी. बहुतेक अर्धवट किट कार एकाच अवस्थेत सापडतात: इंजिन बसलेलं, चारही चाकं लागलेली, आणि डॅशबोर्डच्या जागी वायरींचा झुपका लोंबकळतोय. इथवरचं काम डोळ्यांना दिसतं, म्हणून हौसेने होतं. पुढचं दिसत नाही, आणि वेळ तिथेच जातो. घरचे तीन-चार जण मिळून गाडी बांधणार असाल तर कामाची वाटणी या न दिसणाऱ्या भागासाठी करा. इंजिन उचलायला माणसं धावून येतात; प्रत्येक नट दुसऱ्यांदा तपासायला कोणी येत नाही.

इथे धरलेली गाडी 'सेव्हन' घाटाची आहे. लोटसने १९५७ मध्ये ती आणली आणि १९७३ पासून केटरहॅम बनवते. पोलादी नळ्यांची चासी (गाडीचा मूळ सांगाडा), बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. घरी बांधायला हाच घाट सोयीचा, कारण जवळजवळ प्रत्येक बोल्टपर्यंत हात पोहोचतो.

पैसे देण्याआधी

गाडी रस्त्यावर आणायची असेल तर नोंदणीचे नियम सर्वात आधी. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होते का, कोणती तपासणी लागते, इंजिनाच्या धुराचे निकष कोणत्या सालाचे, हे देशागणिक बदलतं. उत्तर लेखी घ्या. चासी नंबर, डोनर गाडीची (जिचे भाग काढून वापरायचे त्या जुन्या गाडीची) कागदपत्रं, प्रत्येक सुट्या भागाचं बिल आणि टप्प्याटप्प्याचे फोटो एका फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. बिलं नंतर गोळा होत नाहीत.

जागा किमान ३ × ६ मीटर. गाडी साधारण साडेतीन मीटर लांब असते, पण तिन्ही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकला पाहिजे. फायबरचे भाग वेगळ्या खोलीत, आडवे आणि त्यांच्यावर काहीही न ठेवता. वजनाखाली ते वाकतात आणि शेवटी बॉनेट बसत नाही म्हणून चासीला दोष दिला जातो.

डोनर म्हणून पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५ लोकप्रिय आहे. १.६ किंवा १.८ लिटरचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक सगळं एकाच गाडीतून मिळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: मूळ गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब फ्रेमने जोडलेले असतात. बऱ्याच किटमध्ये ही फ्रेम वगळतात, तेव्हा गिअरबॉक्सला स्वतंत्र माउंट लागतो. तो किटमध्ये आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा.

डोनर चालू स्थितीतलीच घ्या. बंद गाडी स्वस्त पडते, पण मग नवी गाडी सुरू झाली नाही की दोष इंजिनाचा, कॉम्प्युटरचा की तुमच्या वायरिंगचा, हे ओळखायला काहीच आधार राहत नाही.

खोलणं

खोलताना घाई झाली की बांधताना भोगावं लागतं. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर तीन गोष्टी: भाग, बाजू, संख्या. 'पुढचा डावा कॅलिपर, बोल्ट २, वॉशर २' असं. 'ब्रेकचे बोल्ट' एवढंच लिहिलेली पिशवी सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे काम द्या. मोठ्यांपेक्षा मुलं ते जास्त काटेकोरपणे करतात, कारण मोठ्यांना आपल्या स्मरणशक्तीचा फाजील विश्वास असतो. फोटो आधी लांबून, मग जवळून. जवळून काढलेल्या फोटोत कोणती वायर कुठे जाते हे कळत नाही.

वायरिंग कापू नका. प्रत्येक कनेक्टरला कापडी चिकटपट्टीची चिठ्ठी लावून अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बाहेर काढा. चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), रिले आणि कॉम्प्युटर यांचा संच एकत्र ठेवा. डोनरचा सांगाडा नवी गाडी चालू होईपर्यंत भंगारात देऊ नका. एखादा क्षुल्लक ब्रॅकेट हमखास लागतो.

मुलांना जॅकजवळ, ग्राइंडरजवळ आणि वेल्डिंगजवळ जाऊ द्यायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीखाली जायचं ते स्टँडवर गाडी टेकवून, हलवून पाहिल्यावरच. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग करायचं नाही, तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.

वही आणि रंगाची रेघ

एक वही करा. रकाने चार: बोल्ट कुठला, किती न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप), कोणी आवळला, कोणी तपासला. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात एकच नाव कधीच नको. तपासणाऱ्याने टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला वाजणारा पाना) स्वतः लावायची, 'टक' आवाज ऐकायचा आणि मगच नटावरून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पुढे लांबूनही कळतं. आवळणाऱ्याच्या खिशात मार्कर असता कामा नये.

किटच्या मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर ८.८ या मजबुतीच्या ग्रेडच्या, कोरड्या आट्यांच्या बोल्टसाठी साधारण मापं अशी ('एम' पुढचा आकडा म्हणजे बोल्टचा व्यास मिमीमध्ये): एम६ ला १०, एम८ ला २५, एम१० ला ४९ आणि एम१२ ला ८५ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस किंवा तेल लागलेलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आकडा कमी करावा लागतो. ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या आट्यांना ही मापं लावू नका, आटे मरतील. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) एकदाच वापरायचा. जुळवाजुळवीच्या काळात साधे नट लावा आणि शेवटी नवे नायलॉक. नटाबाहेर बोल्टचे किमान दोन आटे दिसले पाहिजेत.

चासी आणि पत्रा

चासी आली की कर्ण मोजा. सस्पेन्शनच्या ब्रॅकेटमधली डावी-उजवी अंतरं आणि दोन्ही कर्ण यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर भाग लावण्याआधीच निर्मात्याला कळवा. पावडर कोटिंग आट्यांमध्ये शिरलेलं असतं, ते टॅप फिरवून साफ करा. ब्रॅकेटच्या आतल्या, बुशला (सांध्यातल्या रबरी नळीला) टेकणाऱ्या चेहऱ्यांवरचं जाड कोटिंगही काढा. दाबाखाली ते चिरडतं आणि बरोबर आवळलेला बोल्टसुद्धा शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो.

पत्र्याचं काम असं करा: पत्रा क्लॅम्पने धरा, भोकं पाडा, प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या भोकात तात्पुरती स्प्रिंगपिन अडकवा, मग सगळं सोडवून भोकांच्या दोन्ही बाजूंना उठलेली धारदार कड घासून काढा. पत्रा आणि नळी यांमध्ये पोलादाचा एकही कीस राहता कामा नये. त्यानंतर पॉलियुरेथेन सीलंटची सलग रेघ देऊन रिव्हेट मारा. ४.८ मिमी रिव्हेटला ४.९ मिमीचं ड्रिल. तळाला ५० मिमी अंतर, बाजूंना ७५ मिमी पुरे. सीलंट गाळला तर ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांशी भिडतात, आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजू लागतं.

फायबर कापताना-घासताना चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. हे काम घराबाहेरच.

सस्पेन्शन

सगळे आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) आधी हाताने घट्ट होतील एवढेच लावा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर. कारण असं की, रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की नळी जागी जखडते. आर्म खाली लोंबत असताना आवळलं तर गाडी उभी राहिली की रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी उंच राहते आणि बुश काही महिन्यांत फाटतो.

बॉल जॉइंटचा नट आवळताना पिन आतल्या आत फिरत असेल तर खालून जॅकने हलका दाब द्या, टेपर घट्ट बसतो. रॉड-एंडचा (टोकाला गोल सांधा असलेल्या दांड्याचा) आटा त्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेला हवा. स्टिअरिंग शाफ्टच्या जोडाचा आडवा बोल्ट शाफ्टच्या खाचेतूनच गेला पाहिजे; नुसता चेपून धरलेला जोड हाताला घट्ट लागतो आणि नेमका वळणावर निसटतो. ही एक जागा तिघांनी तपासली तरी जास्त होत नाही.

ब्रेक

पाइप ४.७५ मिमी, तांबे-निकेलचा. तो हाताने वळतो आणि गंजत नाही. टोकाला फ्लेअर करताना, म्हणजे पाइपचं तोंड पसरवताना, ते जिथे टेकणार ती बैठक आधी पाहा: काही जोडांना फुगीर एकेरी टोक लागतं, काहींना आत दुमडलेलं दुहेरी. चुकीचं टोक चुकीच्या बैठकीवर कितीही आवळलं तरी पाझरतं, आणि जास्त आवळून बैठक कायमची खराब होते. नट पाइपमध्ये आधी घालायचा, मग फ्लेअर. हे वाचूनही एक तरी पाइप वाया जाईल, म्हणून लांबी थोडी जास्त घ्या. पाइप दर ३०० मिमीच्या आत क्लिपने धरा. पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रोमेट, आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब.

लवचीक होज बसवल्यावर एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन होज टायरला किंवा आर्मला घासते का ते पाहायचं. चारही टोकांच्या स्थिती तपासा. सरळ चाकांवर सगळंच ठीक दिसतं.

हवा काढायला दोघं लागतात आणि तीन शब्द ठरवून घ्यावे लागतात. चाकाजवळचा म्हणतो 'दाब'. पेडलवरचा सावकाश दाबतो आणि म्हणतो 'धरलाय'. चाकाजवळचा निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरी उघडतो, तेलाबरोबर बुडबुडे येतात, निपल बंद होतो, मग चाकाजवळचा म्हणतो 'सोड'. 'सोड' ऐकण्याआधी पाय उचलला तर निपलमधून हवा परत आत जाते आणि पाऊण तास फुकट. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या भागापासून) सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका, आणि डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा ताजा सीलबंद डबाच वापरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि रंगावर सांडलं की रंग उतरवतं.

सगळं करूनही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर कॅलिपर पाहा. निपल खाली आलेला असेल तर डावा-उजवा अदलाबदल झालाय. हवा वर अडकते, ती खालच्या भोकातून कधीच निघत नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मास्टर सिलिंडर बदलण्याआधी दोनदा पाहा.

शेवटी पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू कागद फिरवावा. ओल दिसली की पुन्हा सुरुवात. किट गाडी डोनरपेक्षा बरीच हलकी असते, त्यामुळे मूळ ब्रेकचा पुढचा-मागचा तोल इथे तसाच लागू पडेल असं धरू नका. जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी अडकली पाहिजेत. मागची आधी अडकत असतील तर गाडी फिरते.

इंजिन आणि गिअरबॉक्स

दोन्ही जोडूनच बसवा. जोडण्याआधी क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून टाका. आत गेल्यावर एका सीलसाठी सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं. गिअरबॉक्सचा तेलाचा बूच तो बसतो त्या चासीच्या बोगद्यात हाताशी येणार आहे का, हे आधीच पाहा. येत नसेल तर तेल बाहेरच भरा. स्टार्टर, अल्टरनेटर आणि मॅनिफोल्ड काढून ठेवा.

चासीच्या नळ्यांवर जुन्या गोधड्या बांधा. क्रेनवर एक, नाकाशी एक, शेपटाशी एक, आणि सूचना फक्त शेपटाकडच्या माणसाने द्यायच्या. इंजिन आणि नळी यांच्यामध्ये बोटं नकोत. अंतर पाहायला लाकडी पट्टी वापरा.

प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) सरकत्या टोकाला २० मिमीच्या आसपास मोकळीक ठेवा. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा अक्ष एकमेकांना समांतर हवा, फरक एका अंशाच्या आत. जास्त असेल तर ठराविक वेगाला गाडी गुणगुणते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो.

रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असल्यामुळे कूलंटची टाकी सर्वात उंच जागी लागते. हवा अडकली की सेन्सर वाफेत राहतो, काटा थंड दाखवतो आणि इंजिन शिजत असतं. वरची होज गरम आणि रेडिएटरचा तळ गार असेल तर हवेचा संशय घ्या.

इंजेक्शनच्या इंजिनाला सुमारे ३ बार दाब लागतो. होज आणि क्लिप त्या दाबाच्याच घ्या. कार्ब्युरेटरची होज सुरुवातीला टिकते, म्हणूनच ती धोक्याची.

वायरिंग

हार्नेस जमिनीवर गाडीच्या आकारात पसरा. नको असलेल्या शाखा, म्हणजे काचा, एसी, रेडिओ, एकेक करून वेगळ्या करा आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू होतं का पाहा. हे डोनरमध्येच करता आलं तर उत्तम. एकदम दहा वायरी कापल्यावर अकराव्यात दोष शोधणं म्हणजे शिक्षा.

सर्वात जास्त वेळ खातं ते अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. डोनरचा पोलादी पत्रा स्वतःच अर्थ होता. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पेट्रोलच्या गेजला स्वतंत्र अर्थ वायर द्या. खूण ओळखून ठेवा: इंडिकेटर लावला की टेललाइट मंद लुकलुकते. याचा अर्थ त्या दिव्याची अर्थ तुटली आहे आणि वीज शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतेय. दिवा चालू ठेवून त्याच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर जोड पुन्हा करा. चासीवर अर्थ लावताना खालचं पावडर कोटिंग खरवडलेलं हवं.

इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणून त्याला चासीशी जोडणारी जाड अर्थ पट्टी विसरू नका. विसरलात तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती तापून जळते.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरी थेट जोडू नका. ऋण टोक आणि केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लावा. सगळी बटणं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वायर जळण्याऐवजी बल्ब पेटला, एवढंच. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल तिथे शोधा.

पहिला स्टार्ट

गाडी मोकळ्या हवेत आणा. एका माणसाला फक्त अग्निशामक धरून उभं करा, त्याने दुसरं काहीही करायचं नाही.

१. स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थांबा, तेलाचा दाब दिसेपर्यंत.
२. प्लग बसवा, फ्यूज लावा, स्टार्ट न मारता पंप चालू करून प्रत्येक जोड पाहा. पेट्रोलचा नुसता वास आला तरी थांबा.
३. स्टार्ट करा. पाच सेकंदांत तेलाचा दाब आला नाही तर बंद.
४. पंखा आपोआप सुरू होईपर्यंत चालू ठेवा. पंखा सुरूच झाला नाही आणि काटा चढत राहिला तर बंद करा.

उंची, दोरी आणि पहिली फेरी

चालकाच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवा, गाडी चार मीटर पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन सुटतं, मग उंची लावा. आता रबरी बुशचे बोल्ट आवळा. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. पुढे एकूण १ ते २ मिमी आतल्या बाजूला टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर कल), ही सुरुवात म्हणून चालते. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) मॅन्युअलप्रमाणे. टो कॅम्बरच्या नंतर. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा.

सीटबेल्टचे बोल्ट चासीच्या वेल्ड केलेल्या बैठकीतच गेलेत, तळाच्या पत्र्यात नाहीत, हे वहीवर पाहून घ्या.

पहिली फेरी बंद आवारात, चालण्याच्या वेगाने, फक्त ब्रेकसाठी. दहा वेळा थांबा, उतरा, चारही चाकांशी ओल पाहा. मग वेग थोडा वाढवा आणि हब हाताने तपासा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. २० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. १०० किलोमीटरनंतर वही उघडा आणि सस्पेन्शन, स्टिअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट आणि इंजिन माउंटच्या सगळ्या रेघा टॉर्चच्या उजेडात पाहा. या वेळी ज्याने आवळलं होतं त्याने तपासायचं नाही. तुटलेली रेघ सापडली तर नुसतं आवळून पुढे जाऊ नका. नट काढा, खाली कोटिंग राहिलंय का, वॉशर विसरलाय का, नायलॉक दुसऱ्यांदा वापरलाय का ते पाहा, नवा नट लावा आणि जुन्या रेघेशेजारी वेगळ्या रंगाची नवी रेघ ओढा.